जाळ्यांची खोली, विम्याचा कागद आणि मुका गजर

प्रश्न : मिरकरवाडा बंदरालगत आमचे दुमजली घर आहे. तळमजल्यावर नायलॉनची जाळी, दोर, बोये आणि दोन दुचाकी असतात. तेथेच एका बाजूच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू राहतात, वर आम्ही. थोरल्या मुलाने मस्कतहून आणलेला स्मोक अलार्म स्वयंपाकघरात लावला. पण बांगडे तळायला घेतले की तो कोकलतो, म्हणून घरच्यांनी त्याचे सेल काढून ठेवले. आता विमा एजंट म्हणतो की, यंत्र बंद असताना आग लागली तर दावा फेटाळला जाईल. असे यंत्र कायद्याने सक्तीचे आहे काय? आणि भाडेकरूंच्या खोलीत ते कोणी बसवावयाचे?
— एक नौकामालक, मिरकरवाडा, रत्नागिरी

उत्तर : सक्ती नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अमलात असून, ज्या इमारतींना तो अग्निसुरक्षेची साधने बसविण्यास भाग पाडतो, त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने ती साधने सुस्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दर जानेवारीत व जुलैत सादर करावयाचा असतो. परंतु आपल्यासारख्या खाजगी दुमजली घरावर स्मोक अलार्मचे बंधन त्याने घातलेले नाही. तथापि कायद्याने मोकळे सोडले म्हणून आगही मोकळे सोडील, अशा समजुतीत कोणी राहू नये. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या जय भवानी इमारतीत तळमजल्यावरील वाहने व साठवलेले सामान पेटले, आणि वरच्या मजल्यांवर झोपेत असलेल्या रहिवाशांपर्यंत ज्वाळांच्या आधी धूर पोहोचून निदान सात माणसे दगावली. आपल्या घराची रचना, खाली जाळी व दुचाकी आणि वर निजलेले कुटुंब, याहून फार वेगळी नाही.

विम्याविषयी एजंटाने सांगितले ते अर्धेच खरे आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी स्मोक अलार्म असल्याच्याच अटीवर मिळते, असे नाही; मात्र प्रस्ताव अर्जात ‘यंत्र आहे’ असे आपण लिहून दिले असेल आणि सेल फळीवर पडलेले असतील, तर त्या मजकुरावरून कंपनीला हरकत घेण्यास जागा मिळते. माझ्या मते आपल्याला खरी धास्ती वाटावयास हवी ती निराळ्याच गोष्टीची. या पॉलिसीत घरसामानाला आपोआप जे संरक्षण मिळते, इमारतीच्या विमा रकमेच्या वीस टक्के व कमाल दहा लाख रुपये, ते संसारोपयोगी वस्तूंपुरते असते. धंद्याची जाळी त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही स्वतंत्र पॉलिसी आहे, आणि तळमजल्याचा उपयोग गुदामासारखा होतो, ही गोष्ट घराच्या विम्याच्या अर्जात दडवून न ठेवता लेखी कळविणे हेच हिताचे.

भाडेकरूंच्या खोल्यांत यंत्र बसविण्याचे दायित्व भाडेविषयक कायद्याने मालकावर टाकलेले नाही. खराब वायरिंगची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, भाडेकरूने वेगळे कबूल केलेले नसल्यास, दुरुस्ती मालकाने करावयाची. निदान पंधरा दिवसांची नोटीस मिळूनही त्याने कसूर केली, तर भाडेकरू ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च भाड्यातून वळता करू शकतो. तेव्हा आधी तारा बदलाव्यात, आणि यंत्राच्या किरकोळ किमतीसाठी भाडेकरूंशी घासाघीस न करता ते आपणच बसवावे, असा माझा सल्ला आहे.

आता मस्कतच्या यंत्राकडे वळू. ते उलटे करून मागची पट्टी वाचा. तेथे उत्पादनाचा दिनांक असतो, आणि दहा वर्षांचे आयुष्य त्या दिनांकापासून मोजावयाचे, भिंतीवर लावल्यापासून नव्हे. पट्टीवर किरणोत्सर्गी अमेरिशियमचा उल्लेख असल्यास यंत्र आयोनायझेशन जातीचे आहे. ते भडकत्या ज्वाळेला लवकर ओळखते, पण तळणीच्या धुराला उगाच भिते. ते फोडू नये, कचऱ्यातही टाकू नये. विक्रेत्याकडे किंवा उत्पादकाकडे परत पाठविण्याची तजवीज करावी. गादी, वायर, जाळ्यांचा ढीग अशा धुमसत पेटणाऱ्या वस्तूंसाठी प्रकाशकिरणावर चालणारे फोटोइलेक्ट्रिक यंत्रच घ्यावे, आणि तेही परस्परांशी जोडलेले, म्हणजे खालचे वाजले की वरचेही वाजेल. कारण तीन मीटरवर पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज एक मजला व बंद दार ओलांडून गाढ झोपेतल्या माणसाला जागे करीलच, याची खात्री देता येत नाही. एक जाळ्यांच्या खोलीत, एक भाडेकरूंकडे, एक जिन्याच्या माथ्यावर, एक निजण्याच्या खोलीबाहेर. चुलीपासून तीन मीटर दूर ठेवावे. स्वयंपाकघरात हवेच असेल, तर उष्णतेवर वाजणारे निराळे यंत्र मिळते. गॅसची गळती मात्र यांपैकी कोणालाही कळत नाही.

महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे. ते शिंगाचा व आतील जोडणीचा तपास करते. धूर आत शिरण्याची जाळी बुजली आहे की काय, हे त्यावरून नेहमी कळत नाही, म्हणून मऊ ब्रशने कोळिष्टके काढणे वेगळे. उदबत्ती खाली धरून परीक्षा घेणाऱ्यांचे यंत्र काजळीनेच निकामी होते. आपल्याकडची खारी, दमट हवा सेलच्या पत्र्यांवर हिरवट गंज चढविते. तेव्हा १ जूनला मासेमारी बंद होऊन नौका वर ओढल्या व जाळी घरात आली की त्याच आठवड्यात सेल बदलून पत्रे कोरड्या फडक्याने पुसावेत.

नवी यंत्रे घेताना पक्की पावती घ्यावी. ती सदोष निघाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दोन वर्षांच्या मुदतीत, विक्रेता कोठलाही असला तरी, रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. मस्कतच्या दुकानदाराला मात्र रत्नागिरीच्या आयोगापुढे खेचण्याच्या खटपटीत आपण न पडलेले बरे.