तुमचा गुण्या खरा आहे का?

एक भक्कम टेबल, त्यावर पक्का बसवलेला व्हाइस, दोन-तीन कानशी, हॅकसॉ, हातोडी, सेंटर पंच, पोलादी पट्टी आणि एक गुण्या एवढे साहित्य जमले की घरच्या घरी धातुकामाचा छंद सुरू करता येतो. यांपैकी कानस बोथट झाली की लगेच कळते, कारण ती कापत नाही. हॅकसॉचे पाते मोडले तर तेही कळते. पण गुण्या बिघडला तर? तो दिसायला पूर्वीसारखाच दिसतो, आणि चुकीची रेघ तितक्याच ऐटीत आखून देतो.

याचा अनुभव मला नववीत असताना आला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी वाफेच्या इंजिनाची लहान प्रतिकृती करीत होतो. पितळेचा सिलिंडर ६० मि.मी. उंचीच्या खांबावर बसवायचा होता. खांबाचा तळ मी गुण्या लावून काळजीपूर्वक घासला. पिस्टन सिलिंडरमध्ये हाताने सरकवला तर छान सरकत होता, पण सारे जोडून चाक फिरवले की एका जागी अडकत असे. पिस्टन जाड झाला असावा असे समजून मी त्यालाच कानस लावली. तो अडकायचा थांबला, पण इतका सैल झाला की सगळी वाफ बाजूने निसटू लागली. प्रदर्शनात माझे इंजिन काही फिरले नाही.

शेजारी एक निवृत्त फिटर राहत. मी त्यांना काका म्हणत असे. इंजिन पाहून ते म्हणाले, "अरे, पिस्टनला कशाला शिक्षा केलीस? आधी गुण्याला विचारायचं होतंस!" मग मला आठवले, की महिन्यापूर्वी तो गुण्या टेबलावरून फरशीवर पडला होता. मी तो उचलून तसाच जागेवर ठेवला होता.

गुण्याची परीक्षा

आता तुम्ही म्हणाल, गुण्या तपासायचा तर त्याहून चांगला गुण्या हवा. पण काकांनी दुसरा गुण्या आणला नाही. त्यांनी एक फळी आणि टोकदार पेन्सिल मागितली. त्यांनी केले ते तुम्हीही करून पाहा.

सरळ कडेची एक गुळगुळीत फळी घ्या. गुण्याचा जाड दांडा फळीच्या कडेला घट्ट टेकवा आणि पात्याच्या बाहेरच्या कडेने एक बारीक रेघ आखा. आता गुण्या पालथा करा, म्हणजे डावीकडे असलेला दांडा उजवीकडे जाईल. पात्याची तीच कड रेघेच्या खालच्या टोकाला आणून दुसरी रेघ आखा. दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत पडल्या तर गुण्या खरा. वर जाताना त्या फाकल्या तर गुण्या खोटा.

असे का होते? समजा, गुण्याचे पाते काटकोनापेक्षा थोडे उजवीकडे कलले आहे. पहिली रेघ खऱ्या लंबाच्या उजवीकडे कलेल. गुण्या उलटला की तेच पाते तितकेच डावीकडे कलेल. खरा लंब या दोन रेघांच्या बरोबर मध्ये असतो. म्हणजे रेघांमधील अंतर हे चुकीच्या दुप्पट असते. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी चूकही मोठी होऊन समोर येते.

माझ्या गुण्याच्या रेघा १०० मि.मी. उंचीवर १ मि.मी. फाकल्या. म्हणजे खरी चूक १०० मि.मी.ला ०.५ मि.मी. होती. कोनात सांगायचे तर सुमारे १७ मिनिटे, अंशाच्या तिसऱ्या भागाहूनही कमी! पण ६० मि.मी.च्या खांबावर तीच चूक ०.३ मि.मी. झाली, आणि पिस्टन अडकायला तेवढी पुरेशी होती.

पट्टी सरळ आहे का?

चिकित्सक विद्यार्थी इथे विचारील, "फळीची कडच वाकडी असेल तर?" प्रश्न योग्य आहे. कड तपासायला पट्टी लागेल आणि पट्टीही आधी तपासावी लागेल. युक्ती तीच. कागदावर पट्टीने एक लांब रेघ आखा. मग पुस्तकाचे पान उलटावे तशी पट्टी रेघेच्या पलीकडे उलटा. तीच कड आता दुसऱ्या बाजूने रेघेला लागेल. दोन्ही टोके जुळवून पुन्हा रेघ आखा. मध्ये फट दिसली तर पट्टीतील चूक तिच्या निम्मी आहे. पट्टी खरी ठरली की ती फळीच्या कडेवर उभी धरा आणि उजेडाकडे पाहा. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढी फट असली तरी तिच्यातून उजेडाची तिरीप दिसते.

तीन पाटांची गोष्ट

आता आणखी एक पायरी वर जाऊ. कारखान्यात सपाटपणा तपासायला बिडाचा सरफेस प्लेट नावाचा पाट असतो. पण जगातला पहिला सपाट पाट कशावरून तपासला असेल? इंग्लंडमधील अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगो येथील शास्त्रज्ञांच्या सभेत याविषयी निबंध वाचला. तरुणपणी ते लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या प्रसिद्ध कारखान्यात काम करीत असत.

दोन पाट एकमेकांना तंतोतंत जुळले म्हणून ते सपाट ठरत नाहीत. एक वाटीसारखा खोलगट आणि दुसरा तेवढाच फुगीर असला तरी ते जुळतील. म्हणून तीन पाट घ्यायचे. त्यांचे फुगीरपण क, ख आणि ग मानू. खोलगटपणा म्हणजे उणे फुगीरपण. पहिला दुसऱ्याशी जुळला तर क + ख = ०. दुसरा तिसऱ्याशी जुळला तर ख + ग = ०. तिसरा पहिल्याशी जुळला तर ग + क = ०. ही समीकरणे सोडवून पाहा. तिन्ही किमती शून्य येतात, म्हणजे तिन्ही पाट सपाट! प्रत्यक्षात एका पाटाला रंगाचा पातळ थर देऊन तो दुसऱ्यावर टेकवतात. रंग लागलेले उंचवटे स्क्रेपरने खरवडतात आणि पुन्हा जुळवून पाहतात. पाट फिरवूनही तपासावे लागतात, नाहीतर पृष्ठभागातला पीळ लपून राहतो.

निगा

गुण्या कानशींच्या ढिगात टाकू नका, त्याला स्वतंत्र कप्पा द्या. वापरण्यापूर्वी दांडा आणि पाते यांच्या कोपऱ्यातला धातूचा कीस पुसून काढा, कारण एक कणही पाते तिरके करतो. घामात क्षार असतात, आणि त्यांमुळे पोलाद लवकर गंजते. म्हणून काम झाल्यावर, विशेषतः पावसाळ्यात, गुण्या पुसून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा. कानशीला मात्र तेल लावू नका, ती घसरू लागते. तिच्या दातांतला कीस तारेच्या ब्रशने काढून ती कोरड्या फडक्यात गुंडाळा. आणि गुण्या खाली पडला, तर पुढची रेघ आखण्यापूर्वी फळीवरची परीक्षा घ्याच.

शेवटी एक कोडे. गुण्या खोटा निघाला आणि दुसरा जवळ नाही. काटकोन तर हवाच आहे. काय कराल? काकांनी हाच प्रश्न मला विचारला होता. मी गप्प राहिलो, तेव्हा त्यांनी त्या फाकलेल्या दोन रेघांच्या मधोमध तिसरी रेघ आखली. ती फळीच्या कडेशी काटकोनात होती! त्याच खोट्या गुण्याने, प्रत्येक खूण दोन्ही बाजूंनी करून, मी नवा खांब तयार केला आणि नवा पिस्टनही बसवला. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात इंजिन फिरले. तो गुण्या आजही माझ्याकडे आहे. त्याच्या दांड्यावर मी '०.५' असा आकडा कोरून ठेवला आहे.