प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप: फायदा कोणाचा, पत्ता कोणाचा

प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप ही मुळात वेबसाइटच असते. फोनच्या पडद्यावर तिचे स्वतःचे चिन्ह बसते, ती ब्राउझरची पट्टी न दाखवता उघडते, रेंज गेली तरी काही ना काही दाखवते आणि ग्राहकाने परवानगी दिली तर सूचनाही पाठवते. हे नाव २०१५ मध्ये फ्रान्सिस बेरिमन आणि गूगल क्रोमचे अभियंते अ‍ॅलेक्स रसेल यांनी दिले. तिच्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली एचटीटीपीएसची सुरक्षित जोडणी. दुसरी मॅनिफेस्ट नावाची लहानशी फाइल. अ‍ॅपचे नाव, चिन्ह आणि सुरुवातीचे पान तिच्यात लिहिलेले असते. तिसरी सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसणारी आज्ञावली. कोणती गोष्ट फोनमधल्या साठ्यातून द्यायची आणि कोणती नेटवरून आणायची, हे ती ठरवते. धंद्याला होणारा बहुतेक फायदा या आज्ञावलीमुळे होतो, आणि मोठे नुकसान झाले तर तेही तिच्यामुळेच होते.

भारतात या तंत्राकडे लक्ष वेधले ते फ्लिपकार्टमुळे. २०१५ च्या सुरुवातीला या कंपनीने मोबाइल वेबसाइट बंद करून ग्राहकांना अ‍ॅपकडे वळवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती ‘फ्लिपकार्ट लाइट’ या प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅपच्या रूपाने वेबवर परत आली. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार जुन्या मोबाइल साइटच्या मानाने ग्राहक तिप्पट वेळ थांबू लागले, आणि फोनवर चिन्ह बसवून आलेल्यांमध्ये खरेदीचे प्रमाण ७० टक्क्यांनी जास्त निघाले. २०१७ मध्ये आलेल्या ‘ट्विटर लाइट’ला पहिल्या वेळी सुमारे ६०० केबी डेटा लागे, अँड्रॉइड अ‍ॅप २३ एमबीच्या वर होते. फोन भरलेला आणि डेटा मोजून वापरायचा, अशा गिऱ्हाइकासाठी हा फरक निर्णायक ठरतो.

लहान व्यावसायिकाचा फायदा मात्र याहून साधा आणि रोजचा आहे. दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की दुकान उघडते. स्टोअरमध्ये जाणे, शोधणे, उतरवून घेणे हे काही नाही. अँड्रॉइड, आयफोन आणि संगणक या तिन्हींसाठी एकच काम करावे लागते. अ‍ॅपलचे वर्षाला ९९ डॉलर आणि गूगल प्लेचे एकदाच २५ डॉलर हे शुल्क वाचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्टोअरच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, आणि अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली म्हणून दरवर्षी अ‍ॅप नव्याने बांधून चढवण्याचा खर्चही टळतो.

हंगामी धंद्याला तर हे फारच सोयीचे. देवगड परिसरातून पुण्या-मुंबईच्या घरी थेट पेट्या पाठवणाऱ्या आंबा बागायतदाराचा हंगाम जेमतेम मार्च ते मे. त्यासाठी कोणी अ‍ॅप उतरवून घेतले तरी जूनमध्ये ते काढून टाकते. वेब अ‍ॅपचे चिन्ह फोनमध्ये फारशी जागा अडवत नाही आणि पुढच्या मार्चमध्ये ‘पहिली तोड झाली’ एवढी सूचना गेली की जुने गिऱ्हाईक परत येते. दलालाला टाळून थेट विक्री करणाऱ्याची खरी पुंजी म्हणजे हे परत येणारे गिऱ्हाईक. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने याच हिशेबाने असे अ‍ॅप करून घेतले. हिशेब बरोबरच होता, आणि पहिल्या हंगामात त्याचा प्रत्ययही आला. पुढे जे बिघडले, ते तंत्रामुळे बिघडले नाही. ते अ‍ॅप बांधणाऱ्या संस्थेच्या कामामुळे आणि त्याहून अधिक तिच्या वागणुकीमुळे बिघडले.

आंब्याचा भाव स्थिर नसतो. अक्षय्य तृतीयेच्या आधी पेटी चढ्या भावाने जाते आणि मेच्या मध्यावर आवक वाढली की भाव झपाट्याने उतरतो. अशाच एका उतारात पुण्याच्या एका जुन्या ग्राहक बाईंचा फोन आला. शेजारणीने त्याच दिवशी, त्याच दुव्यावरून, तीच पाच डझनाची पेटी बऱ्याच कमी भावात मागवली होती. बाईंच्या फोनवर आठवड्यापूर्वीचा चढा भाव दिसत होता. त्यांचा प्रश्न सरळ होता: जुन्या गिऱ्हाइकाला जास्त भाव का लावता? मग घरातल्याच एका फोनवर हे अ‍ॅप उघडून पाहिले, जुना भाव. फोन विमान मोडवर टाकला, नेट पूर्ण बंद केले आणि पुन्हा उघडले. तोच भाव, तीच पेटी, तोच ‘ऑर्डर द्या’चा हिरवा चौकोन. भाव सर्व्हरवरून येतच नव्हता, फोनमधल्या साठ्यातून येत होता, हे तिथे उघड झाले. ज्यांनी चिन्ह बसवले, म्हणजे ज्यांचा सर्वांत जास्त विश्वास होता, त्यांनाच जुना भाव दिसत होता. वाटेने जाणाऱ्या नव्या माणसाला ताजा. धंद्याच्या नावाला याहून वाईट बट्टा लागणे कठीण.

कारण तांत्रिक आहे आणि ते समजायला सोपे आहे. सर्व्हिस वर्करला ‘आधी साठा, मग नेट’ असे सांगता येते किंवा ‘आधी नेट, ते नसेल तरच साठा’ असेही सांगता येते. चिन्हे, रंग, अक्षरे, बागेची छायाचित्रे यांना पहिली रीत चालते आणि पान झटकन उघडते. भाव, शिल्लक माल आणि पोहोचण्याची तारीख यांना दुसरीच रीत हवी, शिवाय ‘हा भाव अमुक वेळचा’ अशी ओळ शेजारी हवी. ऑर्डर स्वीकारताना सर्व्हरने भाव पुन्हा तपासायलाच हवा. संबंधित संस्थेने सरसकट पहिली रीत लावली होती. भाव रोज बदलतो हे तिला हंगामाआधीच लेखी कळवलेले होते, आणि त्या मेलला ‘नोटेड’ असे उत्तरही आलेले होते.

तक्रार केल्यावर संस्थेचे पहिले उत्तर आले की ग्राहकांना कॅश साफ करायला सांगा. आंबे मागवणाऱ्या सत्तरीच्या आजोबांना फोनवरून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कसे न्यायचे, याचा विचार ते लिहिणाऱ्याने केला नाही. दुसरे उत्तर आले की हा क्रोमचा दोष आहे. तो क्रोमचा दोष नव्हता. नवा सर्व्हिस वर्कर चढवला तरी जुन्याने चालवलेली सगळी पाने बंद होईपर्यंत नवा थांबून राहतो, हे ठरलेले वर्तन आहे. त्याला ताबडतोब सूत्रे घ्यायला लावण्याची सोयही आहे. ती वापरली असती तर दुरुस्ती फार लवकर सर्वांपर्यंत गेली असती. तिसऱ्या उत्तराऐवजी वाढीव कामाचे बिल आले. ते भरावे लागले, कारण पेट्या भरून तयार होत्या आणि आंबा थांबत नाही.

या बिलाच्या मुळाशी दुसरी गोष्ट होती. प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप एका पत्त्याला बांधलेले असते. बसवलेले चिन्ह, फोनमधला साठा, सूचनांची परवानगी, सर्व्हिस वर्कर हे सगळे त्या डोमेनचे. बिघडलेला सर्व्हिस वर्कर दुरुस्त करायचा किंवा काढून टाकायचा तर नवी फाइल त्याच पत्त्यावर ठेवावी लागते. दुसरीकडून ते करता येत नाही. कोटेशनमध्ये बागायतदाराच्या नावाचे डोमेन लिहिलेले असताना संस्थेने ‘तात्पुरते’ म्हणून अ‍ॅप आपल्या सबडोमेनवर चालवले आणि आठवण करूनही ते हलवले नाही. संबंध तुटल्यावर ते सबडोमेन बंद झाले. ग्राहकांच्या फोनवरची चिन्हे तशीच राहिली. ती दाबली की साठ्यातले पान उघडे, जुने भाव दिसत आणि ऑर्डर कुठेच जात नसे. त्या लोकांपर्यंत सूचनेने पोहोचण्याचा मार्गही त्या पत्त्याबरोबर गेला. एकेकाला फोन करून नवा दुवा द्यावा लागला, तोही ज्यांचे नंबर वहीत होते त्यांनाच.

म्हणून पहिली अट डोमेनची. ते धंद्याच्या मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या पैशाने घेतलेले असावे, आणि अ‍ॅप पहिल्या दिवसापासून तिथेच चालावे. ‘नंतर हलवू’ हे मान्य करू नये. पत्ता बदलल्यावर जुन्या चिन्हावरून नव्या पत्त्याकडे वळवता येते, पण सूचनांची परवानगी सोबत जात नाही आणि वर ब्राउझरची पट्टी दिसू लागते. दुसरी अट सूचनांच्या किल्ल्यांची. वेब पुशसाठी व्हॅपिड नावाची किल्ल्यांची जोडी लागते. ग्राहकांची नोंदणी त्या जोडीशी बांधलेली असते आणि ती हरवली तर नोंदणी नव्याने घ्यावी लागते, म्हणून ती जोडी मालकाच्या हाती हवी.

आयफोनबद्दल विक्रेत्याने दिलेले आश्वासन तपासून घ्यावे. सर्व्हिस वर्कर तिथे २०१८ मध्ये आयओएस ११.३ पासून चालू लागला; सूचना मात्र २०२३ मध्ये १६.४ पासून, आणि त्याही ग्राहकाने शेअरच्या बटणातून चिन्ह स्वतः बसवले असेल तरच. अँड्रॉइडवर क्रोम ‘बसवू का’ असे विचारतो, आयफोन विचारत नाही. ग्राहकाला ते चित्रासह दाखवावे लागते. प्ले स्टोअरमध्येही दिसायचे असेल तर हेच वेब अ‍ॅप अँड्रॉइडच्या वेष्टनात घालून तिथे ठेवता येते; त्यासाठी डोमेन आणि अ‍ॅप एकाच मालकाचे असल्याची खूण सर्व्हरवर ठेवावी लागते, म्हणजे पुन्हा डोमेन हाती हवेच.

बाकीच्या सूचना कोणत्याही कामाला लागू पडणाऱ्या आहेत: बोलणे लेखी ठेवावे, पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, आधीच्या दोन-तीन ग्राहकांशी बोलावे. अ‍ॅप हाती घेताना विमान मोडची चाचणी मात्र समोर बसून करून घ्यावी. नेट चालू असताना भाव बदलावा, आधीपासून चिन्ह बसवलेल्या फोनवर तो लगेच दिसतो का ते पाहावे. मग नेट बंद करून जुन्या भावावर ऑर्डर देऊन पाहावी. ती स्वीकारली गेली तर काम अपुरे आहे. ही चाचणी, सोर्स कोड, सर्व्हरचे पासवर्ड आणि व्हॅपिडच्या दोन्ही किल्ल्या यांचा उल्लेख करारात करून शेवटचा हप्ता त्यांच्या पूर्ततेनंतरच द्यावा.