वरणातली गोळी

अंबरनाथ (पूर्व)

चि. छकुली,

परवा फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. दादाने मनाच्या आजाराच्या गोळ्या बंद केल्या आणि गेल्या आठवड्यापासून ताई त्या कुटून त्याच्या वरणात घालते, हे तू रडत रडत सांगितलंस. ताई तुझी आई आहे, तिच्यावर रागावू नकोस. पण हे थांबायला हवं, आणि तेही त्याला सांगून, डॉक्टरांना विचारून. लपवाछपवी पुढे चालता कामा नये.

तुझ्या धाकट्या मामाचं तुला अर्धवटच माहीत आहे. 1986 साली आम्ही उल्हासनगरला कॅम्प 4मध्ये राहत होतो. तो बावीस वर्षांचा होता. भिंतीपलीकडचे लोक आपल्याविषयी बोलतात, आपल्या जेवणात काहीतरी घालतात, असं त्याला वाटू लागलं. औषधाने आवाज कमी झाले, पण हात इतके थरथरत की दाढी करता येईना, आणि पाय एका जागी ठरेनात. हे त्याने दोनदा सांगितलं. आम्ही म्हणालो, सहन कर. त्याने गोळ्या सोडल्या. मग आमच्या आईने त्या आमटीत घालायला सुरुवात केली, आणि एके दिवशी वाटीच्या तळाशी त्याला पांढरी पूड दिसली. ज्या भ्रमातून त्याला बाहेर काढायचं होतं, तो आम्हीच खरा करून दाखवला, छकुली. पुढे कितीतरी वर्षं तो घरी शिजवलेलं जेवला नाही. सालासकट केळी, गाडीवरचा वडापाव, बस. त्यानंतर तीनदा त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. आईला हे शेवटपर्यंत लागून राहिलं होतं, आणि मलाही.

म्हणून दादाला ‘गोळी का नाही घेतलीस?’ असं विचारू नकोस. तो प्रश्न पोलिसाचा आहे. ‘गोळीने तुला काय त्रास होतो?’ असं विचार. मला वाटतं, तो सांगेल. एमआयडीसीत त्याची पहिली पाळी असते. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उतरत नाही, आणि मशीनसमोर डुलकी लागली तर बोटं जातील. चार महिन्यांत त्याचं पोट सुटलंय, जुन्या पँटी होत नाहीत. लग्नाचं वय आहे. या औषधांपैकी काहींनी शरीरसंबंधाची इच्छाही मंदावते. ते तो बहिणीला सांगणार नाही, डॉक्टरांपुढेही ताई बसलेली असली तर बोलणार नाही. त्याला एकट्याला आत जाऊ द्या. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो: मात्रा कमी करता येते, वेळ बदलता येते, औषध बदलता येतं, रोजच्या गोळीऐवजी महिन्याचं इंजेक्शनही असतं. पण ज्याला कुणी विचारतच नाही, त्याला एकच उपाय दिसतो, गोळी मोरीत टाकणं.

गोळ्या सोडण्याचं दुसरं कारण फसवं आहे. बरं वाटतंय, मग औषध कशाला? त्यातून गोळी सोडली तरी दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. उलट झोप मोकळी होते, अंग हलकं वाटतं, आणि तो म्हणतो, बघा, मी ठणठणीत आहे. आजार परततो तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, तोवर या दोन गोष्टींचा संबंध कुणाला लागत नाही. स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णांचा अमेरिकेतला एक अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत शंभरातल्या सुमारे ब्याऐंशी जणांचा आजार उलटला होता, आणि औषध सोडलेल्यांना तो धोका जवळजवळ पाचपट होता. हे आकडे दादाला घाबरवायला वापरू नकोस, पण लपवूही नकोस. जन्मभर गोळ्या खायच्या का, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. बरं वाटू लागल्यावरही निदान वर्ष-दोन वर्षं घ्यायच्या, आणि पुढे कमी करायच्या झाल्या तर डॉक्टरांच्या नजरेखाली, हळूहळू. हे उत्तर त्याने स्वतः डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं.

तिसरं कारण लाज, ते ‘ठाण्याला’ जाणं! ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. आपल्याकडे एवढ्या वर्षांत त्या गावाच्या नावाचीच शिवी झाली. बदलापूरहून लोकलने ठाण्याला केसपेपर घेऊन जाताना ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, या धास्तीने तारखा चुकवणारे मी पाहिले आहेत. ताईही शेजारी ‘डोळे दाखवायला जातो’ म्हणून सांगते. मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपल्याला झालंय ते लाज वाटण्यासारखं आहे.

औषधावर टिकणारेही असतात, आणि ते बहुधा एकटे नसतात. स्किझोफ्रेनियावर काम करणारी चेन्नईची स्कार्फ संस्था आणि कॅनडातलं माँट्रियल इथल्या पहिल्या झटक्याच्या रुग्णांची दोन वर्षं तुलना झाली. चेन्नईत घरच्यांची साथ जास्त होती, आणि मरगळ, अबोलपणा, कशातच मन न लागणं ही लक्षणं तिथे अधिक सुधारली. कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या आजारातून शिकून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे घरचे लोक एकत्र बसून बोलतात. 2004चा ‘देवराई’ सिनेमा तू बघ. त्यातही आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण आहे. ताईबरोबर बघ.

दादाचं मन शांत असेल तेव्हा एक कागद लिहून घ्या: पुन्हा त्रास वाढला तर काय करावं, काय करू नये, कुणाला बोलवावं. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याला तसं आगाऊ लिहून ठेवायचा आणि आपला प्रतिनिधी नेमायचा हक्क आहे. रीतसर नोंदणी नंतर करू, पण आधी शब्द त्याचे असू देत. रात्री-अपरात्री घाबरलीस तर 14416 या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. देवीला न्यायचं ताईच्या मनात असेल तर नेऊ दे, गोळ्यांची पिशवी बरोबर ठेवा म्हणजे झालं.

रविवारी सकाळी मी येतो. वरणाचं दादाला मीच सांगेन, आणि ताईच्या वतीने माफीही मागेन. तोवर त्याचं ताट त्याच्यासमोर वाढा, आणि त्याच पातेल्यातलं तुम्हीही जेवा.

तुझा,
मोठा मामा