पाळीवर उभं राहून

एडिनबर्गला शिकणारा भाचा सुट्टीत गोंदियाला आला होता. एडिनबर्गच्या जुन्या वस्तीत घराची खिडकी बदलायची तरी परवानगी काढावी लागते, असं सांगता सांगता त्यानं विचारलं, "मावशी, आपल्या जिल्ह्यात जुनं काय आहे?" मला चटकन उत्तर सुचलं नाही. मग आठ दिवस त्याला घेऊन हिंडले. त्या हिंडण्यात जे उमगलं, ते हे.

१. जवळचं बघायचं राहूनच जातं. नागऱ्याचं शिवमंदिर शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर. महाशिवरात्रीला रांगेत उभं राहायचं, दर्शन घ्यायचं, परतायचं, एवढीच माझी त्याची ओळख. या वेळी भर दुपारी गेलो. देवळात कुणी नव्हतं. थंडगार दगडी भिंतीवरून पहिल्यांदाच हात फिरवला आणि वाटलं, इतकी वर्षं आपण इथं येऊन नुसता नमस्कार केला.

२. सगळ्यात मोठी वास्तू मातीची असू शकते. नवेगावबांधला मी पक्षी बघायला जायचे, राष्ट्रीय उद्यान म्हणून. समोरचं पाणी निसर्गानंच दिलंय असं वाटायचं. पण तो तलाव माणसानं केलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या वाटा पाळीनं, म्हणजे मातीच्या बांधानं, अडवल्या आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचं पाणी उभं केलं. कोहळी म्हणजे तलाव बांधणारा समाज. पाणी कुठं अडेल आणि कुठल्या धानाला कसं पोचेल, हे त्यांना जमिनीच्या उतारावरून कळायचं. लोकांनी या कोलूला पुढं देव केलं. कोलासूर देवाचं ठाणं तिथल्या डोंगरावर आहे. डोंगरांना सात बहिणी म्हणतात; बांध घालायला त्या कोलूच्या मदतीला आल्या, अशी कथा. बांधकाम करणाऱ्यालाच देवपण मिळालं, हे मला फार थोर वाटतं. भाचा पाळीवर बराच वेळ गप्प उभा होता.

३. काही वारसा नुसता नावात उरतो. शाळेत संस्कृत शिकवताना भवभूतीचं नाव मी कितीदा फळ्यावर लिहिलं असेल! आपले पूर्वज विदर्भातल्या पद्मपूरचे, असं त्यानं स्वतःच नाटकाच्या प्रस्तावनेत नोंदवलंय. ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. आमगावला मी शेकडो वेळा गेले, पण एकाही वर्गाला तिकडे नेलं नाही. त्याची खंत आजही आहे.

४. रोजचं असतं तोवर ते जुनं वाटत नाही. गोंदिया-जबलपूर नॅरोगेजची गाडी शंभर वर्षं धावली. आता तिथं ब्रॉडगेज आहे, ते सोयीचंच झालं. पण त्या छोट्या डब्यांचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

५. वारसा कायद्यानं सरकारचा झाला, तरी त्याला राखण लागतेच. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली ती १९५० च्या कायद्यानं. मालगुजारांकडचे तलाव सरकारकडे आले, माजी मालगुजारी म्हणून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. आजोबांच्या गावी पूर्वी उन्हाळ्यात माणसं आपण होऊन पाळीवर माती टाकायला जायची. भाच्याला तो तलाव दाखवायला नेलं, तर अर्धं पाणी बेशरमाच्या झुडपांनी भरलेलं आणि खाली गाळ. खिडकीच्या परवानगीची गोष्ट मला तिथं आठवली. तीन गावांचं धान अजूनही त्याच पाण्यावर आहे. तुमच्याही गावात असा तलाव असेल. या उन्हाळ्यात, पाणी खाली गेलं की, एकदा त्याच्या पाळीवर जा. बेशरम दिसलं तर ग्रामसभेत विषय काढा, आणि तलाव कुणी बांधला ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा.