सवलत ही अनामत आहे

सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या आरंभी अशा लोकांचा धिक्कार आलेला आहे, जे घेताना माप पुरेपूर भरून घेतात आणि देण्याची वेळ आली की मापात मारतात. या आयती वाचताना आपल्या डोळ्यांपुढे सहसा दुकानातील तराजू उभा राहतो. परंतु माप केवळ धान्याचेच असते असे नाही. समाजाकडून जमीन, करमाफी आणि सवलती पुरेपूर घ्यायच्या व त्यांच्या मोबदल्यात कबूल केलेली लोकसेवा मात्र कमी भरायची, हीदेखील मापातील खोटच होय. अशा वेळी शासनाने हिशेब मागावा काय, आणि त्यात आपले कर्तव्य कोणते, हे या पाठात पाहू.

दिलेले परत घेता येते काय?

इस्लामने खाजगी मालमत्तेला मोठे संरक्षण दिले आहे. एकमेकांची संपत्ती अन्यायाने गिळंकृत करू नका, अशी कुरआनची स्पष्ट ताकीद आहे. मात्र स्वकष्टाने मिळविलेली मालमत्ता वेगळी आणि सर्वांच्या मालकीतून एखाद्याच्या हाती सोपविलेली वस्तू वेगळी.

सुनन अबू दाऊद व तिर्मिजी यांतील एका हदीसनुसार, येमेनमधील मारिब येथील मिठाची खाण अब्यज बिन हम्माल (रजि.) यांनी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडे मागितली आणि प्रेषितांनी ती त्यांना दिली. ते निघून गेल्यावर उपस्थितांपैकी एकाने निदर्शनास आणून दिले, की ही खाण म्हणजे न आटणारा पाण्याचा साठाच आहे. हे कळताच प्रेषितांनी (स.) ती परत घेतली. ज्या वस्तूची गरज सर्वांना आहे आणि जी श्रमाविना मिळते, ती एकाच्या ताब्यात राहू नये, हा नियम फिकहच्या विद्वानांनी यावरून काढला.

दुसरा प्रसंग हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील आहे. मदीनेजवळील अकीक येथील विस्तीर्ण जमीन प्रेषितांनी (स.) बिलाल बिन हारिस मुजनी (रजि.) यांना दिली होती. (हे प्रसिद्ध मुअज्जिन हजरत बिलाल नव्हेत.) पुढे त्यातील बरीच जमीन पडीक राहिली. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना सांगितले, की जेवढी कसता येईल तेवढी ठेवा, उरलेली परत करा, म्हणजे ती इतरांना वाटता येईल. प्रेषितांनी दिलेली जमीन आपण सोडणार नाही, असे उत्तर आले. तरीही खलीफांनी न कसलेली जमीन परत घेऊन लोकांत वाटून दिली.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की देणारे स्वतः प्रेषित (स.) होते आणि घेणारे त्यांचे सहाबी होते. असे असूनही देणगीमागील हेतू पूर्ण झाला की नाही, हे तपासले गेले. मग आजच्या कोणत्या संस्थेने आपण तपासणीच्या पलीकडे आहोत असे म्हणावे?

देखरेखीची मर्यादा

या तपासणीला पुढे ‘हिस्बा’ या संस्थेचे रूप आले. वजन-मापे, मालातील भेसळ आणि लोकांचे हक्क यांवर ‘मुहतसिब’ नजर ठेवीत असे. अल्-मावर्दी यांनी आपल्या ‘अल्-अहकामुस्सुल्तानिया’ या ग्रंथात त्याचे अधिकार सांगितले आहेत आणि मर्यादाही. उघड अन्यायाला त्याने आळा घालावा. मात्र निष्कारण हेरगिरी करू नये. जकात वसुलीवरून परतलेल्या एका अधिकाऱ्याने काही वस्तू आपल्याला भेट मिळाल्याचे सांगितले, तेव्हा तो घरी बसून राहिला असता तर त्याला ही भेट मिळाली असती काय, असे प्रेषितांनी (स.) विचारले होते. याचा अर्थ, हिशेब मागणाऱ्यालाही हिशेब द्यावा लागतो.

आपल्या काळात

हेच तत्त्व आपल्या देशाच्या कायद्यातही आढळते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. प्रारंभी, खर्च न झाल्यास अहवालात कारण दिले तरी भागत असे. जानेवारी २०२१ पासून मात्र न खर्चलेली रक्कम ठरावीक निधीत अथवा स्वतंत्र खात्यात भरणे बंधनकारक झाले आणि कसूर करणाऱ्यास दंड लागू झाला.

महाराष्ट्रातील कुटुंबांना याहून जवळचे उदाहरण म्हणजे धर्मादाय रुग्णालये. विश्वस्त संस्था म्हणून त्यांना करसवलती मिळतात. काहींना शासकीय जमीन वा वाढीव चटईक्षेत्रही मिळाले आहे. म्हणून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या बिलाच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त जमा करावयाची असते. तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता रुग्णास दाखल करून घ्यावे लागते. या सर्वांवर देखरेख धर्मादाय आयुक्तांची असते.

तथापि, कायदा कागदावर असून भागत नाही. कित्येक घरांत आईचे दागिने मोडून बिल भरले जाते, आणि जी खाट आपल्यासारख्यांसाठीच राखलेली होती तिची वार्ताही कुणाला नसते.

आपली कर्तव्ये

पहिले कर्तव्य माहिती घेण्याचे. रुग्णालय धर्मादाय आहे काय, हे विचारावे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका तयार ठेवावी, रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे आणि हक्क नाकारला गेल्यास धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. हक्क मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे.

दुसरे कर्तव्य सचोटीचे. ऐपत असताना खोटा दाखला मिळवून गरिबाची खाट अडविणारा माणूसही मापात मारणाराच होय. रुग्णालयाची खोट दिसते आणि आपली दिसत नाही, असे होऊ नये.

तिसरे कर्तव्य आपल्या समाजातील संस्थाचालकांचे. शाळा, दवाखाने, वक्फच्या मिळकती ज्यांच्या हाती आहेत, त्यांनी नोटीस येण्याची वाट न पाहता आपला हिशेब लोकांपुढे ठेवावा. अनामती त्यांच्या हकदारांना पोहोचत्या करा, हा सूरह अन्-निसातील आदेश सर्वप्रथम आपल्यालाच उद्देशून आहे.

दुनियेतील देखरेखीतून एखादा सुटेलही. परंतु ज्या दिवशी खुद्द तराजू मांडला जाईल, त्या दिवशी कोणतीही सवलत नसेल. अल्लाह आपणा सर्वांना माप पुरेपूर देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.