खुंटीवरची बंदूक उतरवण्याआधी

अणदूर-नळदुर्ग भागातल्या जुन्या घरांत अजून कुठेतरी ठासणीची बंदूक निघते. आमच्या घरातली चकमकीची होती. घोड्याच्या दाढेत गारेचा तुकडा, समोर पोलादी झापड. चाप ओढला की गार झापडेवर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकेवर पडतात आणि नळीच्या कानातून जाळ आतल्या दारूपर्यंत जातो.

हा निजामाचा मुलूख. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरकडून आल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. त्याआधीच्या रझाकारांच्या धामधुमीत माणसं रात्री जागून काढायची. आमच्या आज्ज्यानं त्याच दिवसांत बंदूक भरून ठेवली असावी. पुढे वेळच आली नाही. बंदूक खुंटीवर गेली आणि दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू, झेंडूचा हार मिळत राहिला. ती भरलेली आहे हे सांगणारं माणूस घरात उरलं नाही.

घरात लग्न निघालं तेव्हा पुतण्या म्हणाला, ‘काका, वरातीत एक बार काढू की. आज्ज्याची आठवण.’ फटाक्यांतली दारू काढून भरायची, असा पोरांचा बेत होता. मी आधी नळी मोजायला घेतली.

ही मोजणी प्रत्येकानं शिकून घ्यावी. आधी घोडा खाली आहे ना बघायचं आणि गार सोडवून घ्यायची; निघत नसेल तर तिथेच थांबायचं. नळीचं तोंड माणसं नसतील अशा बाजूला. स्वतःचा चेहराही तोंडासमोर आणायचा नाही. मग सरळ लाकडी काठी तोंडातून अलगद आत सोडायची, टेकली की तोंडाशी खूण करायची, बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघायची. रिकाम्या नळीत काठी कानापर्यंत पोचते. आमची चार बोटं अलीकडेच अडली.

आम्ही पोलिसांना कळवलं. त्यांच्या शस्त्रागारातल्या जाणकारानं ती रिकामी केली. चिंध्यांचा बोळा निघाला, छर्रे निघाले आणि ढेकूळ झालेली काळी दारू. त्यातली चिमूटभर त्यानं उघड्यावर पेटवून दाखवली. भक्कन जाळ झाला. सोरा, गंधक आणि कोळसा यांतलं काहीच कुजत नाही. ओली झालेली दारूसुद्धा वाळली की पुन्हा पेटू शकते. म्हणून पाणी ओतलं, काम झालं, असं कुणी समजू नये.

नळी रिकामी झाली म्हणजे बार काढायला मोकळीक मिळाली, असंही नाही. जुन्या नळ्या बहुतेक लोखंडी पट्टी गुंडाळून, तापवून, ठोकून जोडलेल्या. दारूची राख ओल ओढते आणि बुडाशी, जिथे दाब सर्वांत जास्त, तिथेच गंज खोल खात जातो. बाहेरून चकचकीत दिसलेल्या नळीवर विश्वास ठेवू नका. फटाक्यातली किंवा आजच्या काडतुसातली दारू तर अशा नळीत कधीच घालू नये. ती नळी फाडते, आणि चाप ओढणाऱ्याचा हात तिथेच असतो.

ज्यांना परवाना आहे आणि नेम धरायची खरी हौस आहे, त्यांनी बाहेरच्या नेमबाजांची शिस्त बघावी. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा 1971 पासून होतात. तिथे एकेका बाराची दारू आधीच मोजून वेगळ्या कुपीत आणावी लागते, त्यामुळे दुहेरी भरण्याची चूक टळते. रंजक उडाली पण बार झाला नाही, तर निदान मिनिटभर नळी निशाण्याकडेच धरून ठेवायची. तो बार उशिराही होतो.

कायद्याबाबत गावात एक गैरसमज पक्का आहे: जुनी बंदूक, तिला कसला परवाना! 1959 च्या शस्त्र कायद्यातलं कलम 45 सूट देतं, पण दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला. नवी गार आणि एक कमान बसवली की आमची चालली असती. विनापरवाना बंदुकीला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 आणि कमाल 5 वर्षांची कैद आहे. वरातीत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, मग परवाना असो वा नसो. वडीलधाऱ्यांच्या नावानं परवाना असेल तर त्यांच्या हयातीतच बोला: वयाची 70 वर्षं किंवा हत्यार बाळगून 25 वर्षं, यांतलं जे आधी होईल तेव्हा वारसाकडे देण्याची सोय 2016 च्या नियमांत आहे.

परवाना नसेल तर वेळ न घालवता ठाण्यात जमा करा. आधी चारही बाजूंनी फोटो काढा. पावतीवर नळीची लांबी, नक्षी, घोड्याजवळच्या खुणा, दस्त्याचं लाकूड, सगळं लिहून घ्या. ‘जुनी बंदूक, एक’ एवढ्याच नोंदीवर सही करू नका. नंतर हक्क सांगायला तोच कागद लागतो.