तूर निघाली की नाशिक : धनजहून द्राक्षमळ्यांकडे तीन दिवस

तुरीची मळणी उरकलेली असते आणि हरभऱ्याचे घाटे अजून भरत असतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य हे दिवस धनजच्या शेतकऱ्याला जरा सैल मिळतात. नाशिकला तेव्हाच वाइनच्या द्राक्षांची तोडणी ऐन भरात असते. सहलीची आखणी हॉटेलपासून सुरू करू नका, या जुळून आलेल्या वेळेपासून करा. पावसाळ्यात गंगापूर धरण भरलेले आणि डोंगर हिरवे दिसतात हे खरे, पण तेव्हा वेलीवर नुसती पाने असतात. तिकडे वर्षात दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या खरड छाटणीने काडी तयार होते आणि ऑक्टोबरच्या छाटणीने फळ धरते. संत्र्याचा आंबिया आणि मृग बहार ज्याला कळतो, त्याला हे दोन मिनिटांत समजेल.

तारीख ठरवताना शनिवार-रविवार टाळा. मुंबई-पुण्याची सगळी गर्दी त्याच दोन दिवसांत लोटते आणि खोल्यांचे दर चढतात. सोमवारी निघून बुधवारी परतणे उत्तम. २६ जानेवारीला दारूबंदीचा दिवस असतो. निवडणूक जाहीर झाली असेल तर मतदान आणि मतमोजणीच्या तारखाही बघून ठेवा. २०२७च्या पावसाळ्यात नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. त्या काळात खोली मिळेल ही आशा सोडा.

आता प्रवास. शकुंतला रेल्वे चालू असती तर कारंज्यात बसून मूर्तिजापूरला गाडी बदलली असती, आणि निम्मी सहल तिथेच झाली असती. आता मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्याला रस्त्यानेच जावे लागते. विदर्भ एक्सप्रेस आणि अमरावती-मुंबई एक्सप्रेस दोन्ही नाशिकरोडला जातात, पण मध्यरात्र उलटल्यावर पोहोचतात. पोरेबाळे सोबत असतील तर रात्री फलाटावर उतरण्याआधी राहण्याची जागा आणि तिथवरचे वाहन पक्के केलेले हवे.

चौघे-पाच जण असाल तर समृद्धी महामार्ग सोयीचा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला, आणि इगतपुरीपर्यंतचा रस्ता मार्च २०२४मध्ये खुला झाला. कारंज्याला चढायचे आणि सिन्नरजवळ गोंद्याला उतरायचे. पल्ला चारशे किलोमीटरच्या घरातला आहे. आदल्या दिवशी टायर तपासून घ्या. झिजलेले टायर घेऊन त्या काँक्रीटवर जाऊ नका, आणि हवा टायर थंड असताना भरा. टाकी भरून निघा, डबा घरचा घ्या. मोटारीला वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, म्हणून काटा तिथेच टेकवून ठेवायची गरज नाही. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, तेव्हा दर दीड-दोन तासांनी थांबा. दुचाकीला या रस्त्यावर परवानगी नाही. सकाळी सहाला निघालात तर दुपारी सिन्नरला गोंदेश्वराचे यादवकालीन मंदिर बघून संध्याकाळी नाशिकात पोहोचता. पहिल्या दिवशी एवढेच पुरे.

दुसऱ्या दिवसासाठी एकच दिशा धरा. बहुतेकांची गल्लत इथेच होते. नाशिकच्या वायनरी एका रांगेत नाहीत. पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आणि यॉर्क, उत्तरेला दिंडोरी, पूर्वेला निफाड आणि विंचूरचे वाइन पार्क, नैऋत्येला इगतपुरीकडे सांजेगावचे ग्रोव्हर झाम्पा आणि कावनईचे व्हॅलोने. सगळे एका दिवसात बघायला निघालेला माणूस दिवसभर गाडीतच बसतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने गंगापूरची बाजू घ्यावी. सुलाने भारतातली पहिली टेस्टिंग रूम २००५ साली तिथेच उघडली. जवळच्या यॉर्कमधून धरणाचे पाणी दिसते, तिथे संध्याकाळी जावे. गर्दी नकोशी असेल तर इगतपुरीची बाजू मला जास्त आवडते, आणि परतताना तिकडूनच समृद्धीवर चढता येते. कुठेही जा, फोन करून वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका. तोडणीच्या दिवसांत काही ठिकाणी आत सोडत नाहीत.

फेरी सकाळची घ्या, आणि आधी मळा, मग ग्लास. खायच्या द्राक्षांचा मांडव डोक्यावर असतो, वाइनच्या वेली बहुधा तारांवर उभ्या ओळींत असतात. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खाऊन बघितले तर थॉमसन द्राक्षांच्या सवयीचे तोंड वाकडे होईल, पण साखर त्यात जास्त असते. आत टाक्यांपाशी एक गोष्ट समजून घ्या: पांढऱ्या वाइनसाठी रस आधी पिळून घेतात, लाल वाइन सालीसकट आंबवतात. रंग आणि तोंडाला बसणारा तुरटपणा त्या सालीतून आणि बियांतून येतो.

माहिती देणाऱ्याला आपले प्रश्न विचारायला लाजू नका. खुंट कोणता, पाणी किती, द्राक्षे कोणाची? कितीतरी माल आसपासच्या शेतकऱ्यांचा असतो. त्यांच्याशी अनेक वर्षांचे करार होतात आणि भाव आधी ठरतो. सोयाबीन गाडीत भरून बाजार समितीत गेल्यावर भाव कळणाऱ्या माणसाला सबंध सहलीत हीच माहिती सगळ्यात मोलाची वाटेल. साखर कमी भरली, रोग आला तर कराराचे काय होते, हेही विचाराच.

चाखण्याआधी पोटभर जेवा. नाशिकची मिसळ सकाळी खाल्लीत तर मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. तिखटाने जीभ भाजली की काही कळत नाही. अत्तर लावून जाऊ नका. क्रम ठरलेला असतो: आधी बुडबुड्यांची, मग पांढरी, रोझे, लाल, शेवटी गोड. ग्लास दांडीला धरा, फिरवा, वास घ्या, मग घोट. सोव्हिन्यों ब्लांकला ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा वास येतो, शिराझला मिऱ्याचा. चव घेऊन थुंकायला भांडे ठेवलेले असते. ते वापरण्यात कमीपणा नाही, उलट जाणकार तेच करतात. आवडली नाही तर तसे सांगा. महाग ती चांगली असे धरून चालू नका.

गाडी चालवणारा आधीच ठरवा. त्याने एक थेंबही घेऊ नये, नाहीतर स्थानिक टॅक्सी करा. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही. एकवीस वर्षांखालच्या पोरांना वाइन मिळत नाही, आग्रह धरू नका. ज्यांना वासही नको, अशा आई-आत्याबाईंना त्या वेळात पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरला पाठवा. ज्यांना पक्षी बघायचे आहेत त्यांनी तिसऱ्या दिवशी पहाटे नांदूर मध्यमेश्वर गाठावे. रामसर यादीत गेलेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ ठिकाण, आणि थंडीत तिथे पाहुणे पक्षी असतात.

बाटल्या मोजक्या घ्या आणि पावती जपा. वऱ्हाडी जेवणाबरोबर प्यायची असेल तर शेनिन ब्लांक घ्या. पाटवडीच्या झणझणीत रश्श्यापुढे तुरट लाल वाइन आणखीच जाळते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बाटल्या ठेवू नका, घरी पोहोचल्यावर थंड, अंधाऱ्या खोलीत आडव्या ठेवा. मे महिन्यात आपल्याकडची बंद खोली वाइन शिजवून टाकते, तेव्हा होळीच्या आत संपवा. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. आणि नागपूरच्या पाहुण्यांना भेट म्हणून एखादी न्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. कारंज्याहून नागपूरकडे जाणारी समृद्धी वर्धा जिल्ह्यातून जाते, आणि तिथे दारूबंदी आहे.